अकरा महिन्यांची मुलगी ‘सुपरबेबी’ आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी अकरा महिन्यांची. नववा महिना संपतासंपता ती आधाराशिवाय चालायला लागली, आता दहा-बारा शब्द बोलते, नाव घेतलं की कार्डांमधला बरोबर प्राणी उचलून देते. घरचे-दारचे सगळे तिला ‘सुपरबेबी’ म्हणतात. ती खरंच असामान्य बुद्धीची आहे का, बुद्धीची चाचणी करून घ्यावी का, आणि आत्ताच काही खास शिकवलं नाही तर वेळ निघून जाईल का, हे तुम्हाला विचारायचं आहे.

उत्तर आधीच देऊन टाकते. मुलगी उत्तम वाढते आहे आणि लवकर वाढते आहे. पण एवढ्यावरून तिच्या पुढच्या बुद्धीबद्दल कुणालाच काही सांगता येणार नाही. बुद्धीची चाचणी आत्ता करू नका. आणि वेळ निघून जाणार नाही. मी बालविकासतज्ज्ञ आहे, बाळांची विकास तपासणी हेच माझं रोजचं काम. हा प्रश्न आईबाप कौतुकाने विचारतात, पण त्या कौतुकामागे बहुतेक वेळा धास्ती असते. त्या धास्तीपायी बाळाचे आणि आईबापांचे फार चांगले महिने वाया जातात, म्हणून कारणं सविस्तर लिहिते.

चालणं लोकांच्या डोळ्यांत आधी भरतं. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या आठशेहून जास्त निरोगी बाळांच्या हालचालींची नियमित नोंद ठेवली आणि २००६ साली आकडे प्रसिद्ध केले. त्यानुसार आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिन्यांत कधीही येतं. रांगणं ५.२ ते १३.५ महिन्यांत, आणि शेकडा चार बाळं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिन्यांत. तुमची मुलगी या पट्ट्याच्या अलीकडच्या टोकाला आहे, पण पट्ट्यातच आहे. सतराव्या महिन्यात पहिलं पाऊल टाकणारं मूलही त्याच पट्ट्यात असतं. अंगाची ठेवण, स्नायूंचा ताण, जमिनीवर मोकळं सोडलेलं असणं, पडायची भीती वाटणं न वाटणं, या सगळ्यांवर चालण्याचं वय ठरतं. झुरिकमध्ये निरोगी मुलांना जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत तपासत गेले, तेव्हा बसण्या-चालण्याच्या वयाचा आणि पुढच्या बुद्ध्यंकाचा संबंध सापडला नाही.

मग चाचणीत तरी कळेल ना? बाळांच्या विकासाची जगभर सर्वांत जास्त वापरली जाणारी चाचणी नॅन्सी बेली यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी अमेरिकेत बर्कले इथे १९२८पासून बाळांचा एक गट मोठा होईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासला, आणि त्यांना जे आढळलं ते या प्रश्नाच्या मुळाशी जाणारं आहे. पहिल्या वर्षातले गुण आणि शाळकरी वयातला बुद्ध्यंक यांचा मेळ जवळजवळ शून्य निघाला. दोन वर्षांनंतर तो वाढत जातो, शाळेच्या वयात भक्कम होतो. याचं कारण साधं आहे. आठ महिन्यांच्या बाळाची तपासणी म्हणजे ठोकळा पकडता येतो का, आवाजाकडे मान वळते का, चिमटीत मणी येतो का. आठ वर्षांच्या मुलाची तपासणी म्हणजे शब्द, तर्क, आठवण. दोन्हीला आपण ‘विकास’ म्हणतो, पण मोजतो वेगवेगळ्या गोष्टी. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असं आपण सहज म्हणून जातो. मोजायला बसलं की पहिल्या वर्षात ते दिसत नाहीत. बेली चाचणी मी स्वतः वापरते, पण मागे पडणारं मूल वेळेत ओळखण्यासाठी. त्या कामात तिला तोड नाही. पुढे जाणारं मूल ओळखायला ती बनवलेलीच नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. कॅलिफोर्नियात १९७९ साली एक वर्षाच्या मुलांचा एक अभ्यास सुरू झाला. आठव्या वर्षी ज्यांचा बुद्ध्यंक १३० किंवा जास्त आला, त्या मुलांची सरासरी दीड वर्षाच्या वयापासूनच इतरांपेक्षा वर होती. म्हणजे सुरुवातीला काहीच नसतं असं नाही. पण हा गटाच्या सरासरीतला फरक आहे. दीड वर्षाला पुढे असलेली कितीतरी मुलं आठव्या वर्षी चारचौघांसारखी असतात आणि दीड वर्षाला गप्प बसलेली काही पुढे जातात. समोर बसलेल्या एका बाळाबद्दल भविष्य सांगायला हा फरक पुरत नाही.

आता जे या विषयावर कुणी सांगत नाही, ते सांगते. लवकर आलेली प्रत्येक गोष्ट चांगलीच असते असं नाही. तपासणीत काही ‘लवकर’ गोष्टी ऐकल्या की मी सावध होते.

पहिली गोष्ट हाताची. आठ-नऊ महिन्यांचं एक बाळ तपासायला आलं. आईबाप आनंदाने म्हणाले, ‘आतापासूनच पक्का उजव्या हाताचा आहे, सगळं उजव्यानेच घेतो.’ मी लाल ठोकळा त्याच्या डाव्या बाजूला धरला. डावा हात ठोकळ्यापासून वीतभर अंतरावर होता. तरी त्याने अख्खं अंग वळवलं आणि उजवा हात समोरून आडवा आणून ठोकळा घेतला. डावी मूठ मिटलेलीच राहिली, अंगठा मुठीच्या आत. त्याच्या शरीराच्या डाव्या बाजूला कमजोरी होती आणि ती तोपर्यंत कुणाच्या लक्षात आली नव्हती. पहिल्या वर्षात निरोगी बाळ दोन्ही हात सारखेच वापरतं. हाताची आवड साधारण दीड वर्षानंतर ठळक व्हायला लागते. वर्षाच्या आत एकच हात पुढे येत असेल तर कौतुक बाजूला ठेवून दुसरा हात तपासून घ्यायचा. त्या बाळाचे व्यायाम लगेच सुरू झाले आणि त्याचा पुष्कळ फायदा झाला.

दुसरी गोष्ट ताठ उभं राहण्याची. ‘चार महिन्यांचा आहे, पण धरलं की पायांवर काठीसारखा उभा राहतो.’ पाय कडक, टाचा वर, घोटे एकमेकांवर चढलेले असतील तर ते स्नायूंचा ताण वाढल्याचं लक्षण असू शकतं. फार लवकर, एका झटक्यात, लाकडाच्या ओंडक्यासारखं पालथं पडणंही त्यातलंच. निरोगी बाळ वळताना आधी खांदा किंवा कंबर वळवतं आणि मग बाकीचं अंग मागून येतं. म्हणून ‘कधी’ आलं यापेक्षा ‘कसं’ आलं हे मी आधी पाहते.

तिसरी गोष्ट अक्षरांची. सव्वादोन वर्षांचा एक मुलगा होता. सगळी अक्षरं यायची, उलटी धरलेलीसुद्धा. शंभरपर्यंतचे आकडे यायचे, दिसेल ती पाटी वाचायचा. घरात त्याच्या बुद्धीची चर्चा होती. त्याला मी चार वेळा नावाने हाक मारली, त्याने मान वळवली नाही. अक्षराचा ठोकळा टेबलाखाली गेला तेव्हा त्याने माझं मनगट धरलं आणि माझा हात ठोकळ्याच्या दिशेने ढकलला. माझ्या चेहऱ्याकडे एकदाही पाहिलं नाही. समज आणि संवाद मागे असताना फार लहान वयात वाचन येणं याला हायपरलेक्सिया म्हणतात. हा शब्द १९६७ साली वैद्यकीय लेखनात आला आणि स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) काही मुलांत हे दिसतं. लवकर वाचणारं प्रत्येक मूल असं नसतं; कितीतरी मुलं लवकर वाचतात आणि गप्पाही मारतात. पण नुसत्या वाचनाचं कौतुक करताना बाकीचं राहून गेलं तर मदत उशिरा मिळते, आणि अशा मुलाच्या बाबतीत दोन वर्षांचं असताना सुरू झालेली मदत आणि पाच वर्षांचं असताना सुरू झालेली मदत यांत खूप फरक पडतो.

तुमच्या मुलीबद्दल तुम्ही लिहिलंय त्यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते शेवटचं वाक्य, जे तुम्ही ओझरतं लिहून टाकलंत: ती खिडकीतून पक्षी दिसला की बोट दाखवते आणि वळून तुमच्याकडे बघते. तपासणीत मी हेच शोधत असते. मी ठोकळा कपाखाली लपवते. बहुतेक बाळं या वयात कप उचलून ठोकळा काढतात. माझं लक्ष त्यानंतरच्या क्षणाकडे असतं. ठोकळा सापडला की बाळ आधी ठोकळ्याकडे बघतं, मग आईकडे किंवा माझ्याकडे, मग परत ठोकळ्याकडे. ‘बघितलंस का?’ असं ती नजर विचारते. भाषा इथून सुरू होते. साधारण नऊ ते चौदा महिन्यांच्या दरम्यान हे बोट आणि ही नजर येते, आणि ती आलेली असेल तर शब्द दहा आहेत की दोन याची मी फारशी चिंता करत नाही. बारा शब्द आहेत पण बोट नाही, नजर नाही, असं असेल तर मात्र मी पुन्हा बोलावते.

कार्डं आणि व्हिडिओ यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सुपरबेबी हा शब्द आला की त्यामागे तेच येतात. अमेरिकेत १९६०च्या दशकापासून फिलाडेल्फियाचे ग्लेन डोमन तान्ह्या बाळांना मोठ्या अक्षरांची कार्डं दाखवून वाचायला शिकवा असं सांगत होते. १९८३पर्यंत सुपरबेबी वाढवण्याचं वेड एवढं पसरलं की न्यूजवीक साप्ताहिकाने त्यावर मोठा लेख केला. पुढे १९९३ साली मोझार्टच्या संगीताचा एक छोटा प्रयोग गाजला. तो कॉलेजच्या छत्तीस विद्यार्थ्यांवर झाला होता. संगीत ऐकल्यावर त्यांना आकृत्यांच्या कोड्यांत थोडे जास्त गुण मिळाले आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटं टिकला होता. बाळांचा त्यात काही संबंध नव्हता. तरी १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या राज्यपालांनी प्रत्येक नवजात बाळाच्या घरी शास्त्रीय संगीताची सीडी पाठवायचा प्रस्ताव मांडला.

मग हे सगळं तपासलं गेलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बारा ते अठरा महिन्यांच्या बाळांना चार आठवडे शब्द शिकवणारा व्हिडिओ दाखवला. व्हिडिओ न पाहिलेल्या बाळांपेक्षा ती जास्त शब्द शिकली नाहीत. सर्वांत जास्त शब्द शिकली ती बाळं ज्यांच्या आईबापांनी व्हिडिओशिवाय, रोजच्या व्यवहारात तेच शब्द वापरले. २०१४ साली तान्ह्यांना वाचायला शिकवणाऱ्या संचाची चाचणी झाली: नऊ ते अठरा महिन्यांची बाळं, सात महिने रोजचा सराव. बाळांना वाचता येत नव्हतं. पण आईबापांना मनापासून वाटत होतं की येतंय. या दुसऱ्या निष्कर्षावर थोडं थांबा. त्या आईबापांनी कुणाला फसवलं नव्हतं. बाळ कार्ड पाहून हसतं, हात पुढे करतं, आपल्या आवाजातला उत्साह ओळखतं, आणि आपल्याला वाटतं अक्षर ओळखलं. म्हणून मी आईबापांच्या सांगण्यावर पूर्ण विश्वास ठेवते आणि तरीही बाळाला स्वतः पाहते.

तुमची मुलगी कार्डं आवडीने बघत असेल तर जरूर बघू द्या. कार्ड वाईट नाही. फक्त ते संपलं की उचलून ठेवा, आणि रोज किती ओळखली याचा हिशेब बंद करा. स्क्रीनबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९चा सल्ला स्पष्ट आहे: पहिल्या वर्षात अजिबात नाही, दुसऱ्या वर्षाच्या अखेरपर्यंत शक्यतो नाही. दूरच्या आजीआजोबांशी व्हिडिओवर बोलणं मी यात धरत नाही, कारण तिकडे खरं माणूस उत्तर देत असतं.

माणूस समोर असण्याचा फरक किती मोठा आहे, याचे दोन प्रयोग मला फार आवडतात. १९८४ साली कॅनडाच्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना हा फरक कळत नाही. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना तो कळत होता. दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत बहुतेकांना तो कळेनासा झाला, कारण त्यांचा मेंदू घरच्या भाषेवर एकाग्र व्हायला लागला होता. म्हणजे या वयात काही गोष्टी सोडून देणं हीसुद्धा वाढच असते. पुढे २००३ साली पॅट्रिशिया कूल यांनी अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. चिनी बोलणारी माणसं समोर बसून बारा बैठका खेळली-बोलली, तेव्हा बाळांनी त्या भाषेचे आवाज धरून ठेवले. त्याच माणसांना तेवढाच वेळ व्हिडिओवर दाखवलं, तेव्हा बाळं काहीच शिकली नाहीत. शब्द तेच, आवाज तोच. नव्हतं ते फक्त समोरच्या माणसाचं वळून बघणं.

आता वेळ निघून जाण्याचा प्रश्न. मेंदूच्या काही खिडक्या खरोखर लवकर बंद होतात. जन्मतः दाट मोतीबिंदू असेल तर पहिल्या काही आठवड्यांतच शस्त्रक्रिया करावी लागते, नाहीतर डोळा साफ करूनही नजर येत नाही. ऐकण्याची तपासणी पहिल्या महिन्यात, दोषाचं निदान तिसऱ्यापर्यंत, उपचार सहाव्यापर्यंत, असं आम्ही सांगतो ते त्यासाठीच. रुमानियातल्या अनाथालयांमधल्या मुलांच्या अभ्यासातून हेही दिसलं की माणसांचा सहवासच न मिळालेल्या मुलांना दोन वर्षांच्या आत कुटुंब मिळालं तर ती जास्त सावरतात. या खिडक्यांना लागतं काय? उजेड, आवाज, स्पर्श, उत्तर देणारं माणूस. तुमच्या घरात हे सगळं आहे. उपासमारीने वाढ खुंटते हे खरं, पण भरल्या पोटी दुप्पट भरवल्याने उंची दुप्पट होत नाही.

आणि हालचालींबद्दल तर शंभर वर्षांपूर्वीचाच पुरावा आहे. अर्नोल्ड गेझेल आणि हेलन थॉम्पसन यांनी १९२९ साली जुळ्या बहिणींचा अभ्यास छापला. एकीला ४६व्या आठवड्यापासून सहा आठवडे रोज जिना चढायला शिकवलं. दुसरीला काही शिकवलं नाही. ५३व्या आठवड्यात दुसरीचा सराव सुरू केला, आणि दोन आठवड्यांत ती पहिलीच्या बरोबरीने चढायला लागली. तिचं शरीर तयार झालं होतं. एकाच जोडीचा अभ्यास आहे, त्यावर सगळं उभं करता येणार नाही, पण तपासणीत मला हेच वारंवार दिसतं.

माझा खरा आक्षेप सुपरबेबी या शिक्क्याला आहे. विल्यम सिडिस हा मुलगा १९०९ साली अकराव्या वर्षी हार्वर्डमध्ये गेला. वर्तमानपत्रं त्याच्या लहानपणापासून मागे लागली होती. मोठेपणी तो लोकांपासून दूर राहिला, साध्या कारकुनी नोकऱ्या केल्या, आणि १९४४ साली ४६व्या वर्षी वारला. त्याच्या बुद्धीने त्याचं वाईट केलं असं मी म्हणत नाही. त्याच सुमाराला हार्वर्डमध्ये असलेला नॉर्बर्ट वीनर, तोही बालबुद्धिमान, पुढे मोठा गणितज्ञ झाला. पण ज्या मुलाकडे घर रोज पुराव्याच्या अपेक्षेने बघतं, ते मूल हळूहळू जमेल तेवढंच करून दाखवायला लागतं. दीड-दोन वर्षांच्या मुलांत मी हे पाहिलं आहे. कोड्याचा तुकडा बसला नाही की ती पटकन सोडून देतात आणि जे येतं ते म्हणून दाखवतात. न जमणाऱ्या गोष्टीपाशी रेंगाळणं ही मला या वयातली सर्वांत मोलाची सवय वाटते, आणि शिक्का तिच्यावरच घाला घालतो. म्हणून तिच्यासमोर हा शब्द वापरू नका. पाहुण्यांसमोर प्राणी ओळखून दाखवायला लावू नका. अकरा महिन्यांच्या बाळाला शब्द कळत नसेल, पण सगळे आपल्याकडे कशासाठी बघताहेत हे बरोबर कळतं.

तर करायचं काय? तिने बोट दाखवलं की त्या दिशेला बघा आणि ती जे बघते आहे त्याबद्दल बोला. तुम्हाला शिकवायचं आहे त्याबद्दल नको. ती ‘बा’ म्हणाली की थांबा, उत्तर द्या, परत तिची पाळी येऊ द्या. एकच पुस्तक तिला पंधरा वेळा हवं असेल तर पंधरा वेळा वाचा. अकराव्या महिन्यात दुपारच्या झोपांसकट दिवसाला बारा ते सोळा तास झोप लागते. कुठल्याही वर्गासाठी ती मोडू नका. ती लवकर चालते आहे म्हणजे तिचे हात लवकर पोचतात पण धोक्याची समज वयाचीच आहे, तेव्हा जिन्याचं फाटक, कपाटांच्या कड्या आणि औषधांची जागा या आठवड्यातच बघून घ्या. लवकर चालणाऱ्या बाळांच्या बाबतीत माझी खरी घाई असते ती एवढीच. बाळाला आत बसवायचा चाकांचा वॉकर मात्र आणू नका. त्याने चालणं सुधारत नाही आणि जिन्यावरून पडण्याचे अपघात एवढे होतात की कॅनडाने २००४ साली त्यावर बंदीच घातली.

नेहमीची विकास तपासणी अठराव्या महिन्यात करून घ्या, बुद्धीची नाही, विकासाची. तीन-चार वर्षांची झाल्यावरही ती समवयस्कांपेक्षा खूप पुढे वाटली, तिला कंटाळा यायला लागला किंवा शाळेत जुळवून घेणं जड गेलं, तर तेव्हा चाचणीला अर्थ आहे आणि तेव्हा मी स्वतःच ती सुचवेन. मधल्या काळात काही महिने ती नवा शब्द शिकली नाही, तर घाबरू नका. धावायला आणि चढायला शिकताना बोलणं कधीकधी रेंगाळतं. पण आलेले शब्द बोलेनाशी झाली, बोट दाखवणं थांबलं, हाकेला वळेनाशी झाली किंवा एक हात मागे राहायला लागला, तर अठराव्या महिन्याची वाट पाहू नका, त्याच आठवड्यात दाखवून घ्या.